खरा दावा आणि खोटा साक्षीदार

2024 च्या कार्तिकातली गोष्ट. फोंडा महालातील एका देवस्थानात पालखीचा उत्सव आटोपून आम्ही चारसहा मंडळी अग्रशाळेच्या ओसरीवर बसलो होतो. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवाचे दशवार्षिक प्रदर्शन 21 नोव्हेंबरला सुरू व्हावयाचे होते, आणि त्या शवाची डीएनए चाचणी करावी या मागणीवरून ऑक्टोबरपासूनच गोव्यात निदर्शने, तक्रारी व प्रतितक्रारी यांचे वादळ उठले होते. आमच्यातील एक तरुण महाजन, वृत्तीने भाविक व शिक्षणाने अभियंता, एक छापील अर्ज घेऊन आला आणि म्हणाला, "वकीलबाब, आमकां तुमची सय जाय."

अर्ज मी दोनदा वाचला. बों जेझूच्या मंदिरात चांदीच्या पेटीत ठेवलेले शव झेवियरचे नसून पंधराव्या शतकातील सिंहली पंडित भिक्षू तोटगमुवे श्री राहुल यांचे आहे. पोर्तुगीजांनी ते सिंहलद्वीपातून पळवून आणले. तस्मात् सरकारने त्याची शास्त्रीय तपासणी करून सत्य उजेडात आणावे, असा एकूण मजकूर होता. मी सही केली नाही. त्यावर ओसरीवर जी शांतता पसरली ती मला अजून टोचते. कोणी मला भित्रा म्हटले नाही, पण "वकिलाक दोनूय वटांनी अशील जाय," एवढे एकाने पुटपुटून घेतलेच. या लेखाचे प्रयोजन त्या शांततेला उत्तर देणे हे आहे.

आरंभीच सांगतो की श्री राहुल हे काल्पनिक पुरुष नव्हेत. कोट्टेचा राजा सहावा पराक्रमबाहू याच्या काळात ते तोटगमुवेच्या विजयबा परिवेणाचे प्रमुख होते. सहा भाषांवरील प्रभुत्वामुळे त्यांना 'षड्भाषापरमेश्वर' ही पदवी होती, आणि त्यांची संदेशकाव्ये सिंहली साहित्यात आजही मानाने वाचली जातात. आमच्या कालिदासाच्या मेघदूताची परंपरा ज्यांनी त्या बेटावर रुजविली त्यांच्यात त्यांची गणना होते. त्यांचे शव न कुजता एका गुहेत राहिले होते आणि पुढे ते पोर्तुगीजांच्या हाती गेले, अशी तिकडील लोकपरंपरा आहे. तिच्याविषयी मला अनादर नाही. परंतु परंपरा ही परंपरा म्हणून सांगावी. तिच्यावर फिर्याद उभी करणाऱ्यास पुराव्याचे नियम लागू होतात, आणि जो दावा मांडतो त्याच्याच शिरावर तो सिद्ध करण्याचा भार असतो. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात हे तत्त्व होते, आणि त्या कायद्याच्या जागी 1 जुलै 2024 पासून जो भारतीय साक्ष्य अधिनियम आला त्यातही ते तसेच आहे.

आता न्यायालयात एखादी वस्तू पुढे आली की पहिला प्रश्न असतो तो ताब्याचा. ती कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली? मध्ये खंड पडला का? झेवियरच्या शवाचा हा प्रवास, त्या शतकाच्या मानाने, आश्चर्य वाटावे इतका नोंदलेला आहे. 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील शांगच्वान बेटावर त्याचा मृत्यू झाला. मांस लवकर झडून अस्थी नेता याव्यात म्हणून पेटीत चुना घालून त्याला पुरले. 1553 च्या फेब्रुवारीत ती पेटी उकरली गेली व मार्चमध्ये मलाक्क्यास पोचली. तेथे पुन्हा दफन झाले, त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये पुन्हा उकरले गेले, आणि 16 मार्च 1554 रोजी शव गोव्यात आले. व्हाइसरॉयपासून सामान्य माणसापर्यंत सारे शहर ते पाहावयास लोटले. कोस्मे सारायव्ह नावाच्या वैद्याने ते तपासून जबानी दिली. 1556 मध्ये पोर्तुगालच्या राजाने झेवियरविषयी साक्षी नोंदविण्याचा हुकूम केला, तेव्हा त्याला जिवंतपणी ओळखणारी माणसे गोवा, कोची, वसई व मलाक्का येथे हयात होती. पुढे 1614 मध्ये उजव्या हाताचा भाग कापून रोमला नेला, तो तेथील जेझू चर्चमध्ये आहे. 1637 पासून शव चांदीच्या पेटीत आहे.

या साक्षीदारांत पक्षपाती पुष्कळ होते, हे मी मान्य करतो. संतपद मिळवून देण्याच्या घाईत सुवास, ताजे रक्त, चमत्कार असे पुष्कळ काही जबान्यांत शिरले आहे आणि एक वकील म्हणून त्यातला बराचसा भाग मी बाजूस ठेवीन. 'अविनाशी देह' हा शब्दप्रयोगही मला मान्य नाही; तेथे आज आहे तो सुकलेला, आक्रसलेला मानवी देह आहे. परंतु देह चमत्काराने टिकला की नाही हा एक प्रश्न, आणि तो कोणाचा हा दुसरा. पहिल्यावर शंका घेतली म्हणून दुसऱ्याचे उत्तर बदलत नाही.

शव बदलल्याची शंका तरी नवीन आहे काय? 1759 मध्ये पोर्तुगीज राजसत्तेने जेझुइटांना हद्दपार केल्यानंतर गोव्यात अशी कुजबूज सुरू झाली की जाताना त्यांनी खरे शव काढून घेतले. ती कुजबूज थांबावी म्हणून 1782 मध्ये पेटी उघडून लोकांना दर्शन देण्यात आले. म्हणजे आज ज्या प्रदर्शनाविरुद्ध अर्ज लिहिले जात आहेत, त्या सार्वजनिक प्रदर्शनांचा आरंभच मुळी अशाच एका शंकेतून झाला आहे. मात्र त्या वेळच्या संशयात सिंहली भिक्षूचे नावही नव्हते.

उलट बाजूस काय आहे? श्री राहुलांचे शव कोणी घेतले, कोणत्या साली घेतले, कोणत्या गलबतातून आणले, गोव्यात कोणाच्या हवाली केले? पत्रकात यांपैकी एकाचेही उत्तर नाही. पोर्तुगीजांनी ते लपविले, एवढे मोघम विधान आहे. वाचकहो, या 'लपविले' शब्दापाशी मी थोडा थांबणार आहे, कारण पोर्तुगीज सिंहलद्वीपातील बौद्धांच्या पवित्र अवशेषांचे काय करीत याचा एक दाखला खुद्द गोव्यातच घडलेला आहे, आणि तो कोणी लपविला नाही.

1560 मध्ये व्हाइसरॉय दों कोन्स्तांतिनो द ब्रागांसा याने जाफनावर स्वारी केली. त्या लुटीत, बुद्धाचा म्हणून पूजिला जाणारा एक दात त्याच्या हाती लागला व तो गोव्यास आणला गेला. ही वार्ता ब्रह्मदेशात पेगूच्या बायिननौंग राजाला कळताच त्याने वकील पाठवून तो दात विकत मागितला. दियोगो दु कोउतो हा इतिहासकार बोलीचा आकडा तीन ते चार लक्ष क्रुझादोंचा देतो. खजिना रिकामा होता, सरदारांच्या तोंडाला पाणी सुटले होते, व्हाइसरॉयचे मन डळमळत होते. तेव्हा पहिला आर्चबिशप दों गास्पार आणि इतर धर्मपंडित यांची सभा भरली आणि मूर्तिपूजेला साहाय्य होईल असा सौदा करता येणार नाही, असा निर्णय झाला. 1561 मध्ये साऱ्या अधिकाऱ्यांच्या देखत तो दात खलात कुटला, शेगडीत जाळला आणि राख नदीत टाकली. हे त्यांनी केले आणि अभिमानाने लिहून ठेवले. ज्या कोउतोने हे लिहिले तोच पुढे 1595 मध्ये गोव्याच्या दप्तरखान्याचा पहिला रक्षक झाला. गेर्सन द कुन्हा या आमच्या गोमंतकीय ख्रिस्ती विद्वानाने या दंतकथेचा, येथे हा शब्द अक्षरशः घ्यावा, साधार इतिहास 1875 मध्येच प्रसिद्ध केला. याच गृहस्थाने दोन वर्षांनी स्कंदपुराणाच्या सह्याद्रिखंडाची आवृत्ती काढली, हे आमच्या देवस्थानांच्या मंडळींना बहुधा ठाऊक असते. दाताचे पुस्तक मात्र फारसे कोणी उघडत नाही.

आता मला सांगा, ज्यांनी लाखो क्रुझादो नाकारून एक दात चव्हाट्यावर कुटला, ते एका बौद्ध भिक्षूचे अख्खे शव आणून त्याला आपल्या वेदीवर बसवतील, त्याच्यापुढे मेणबत्त्या लावतील, त्याचा हात कापून पोपकडे पाठवतील? त्यांनी ते जाळले असते आणि त्यावर एक प्रकरण लिहिले असते. शिवाय जाफनाची स्वारी 1560 ची. झेवियरचे शव गोव्यात आले 1554 ला.

त्या दाताची पुढील हकीकतही ऐकण्यासारखी आहे. 1576 मध्ये पेगूच्या त्याच राजाला कोट्टेहून एक दात मिळाला व तो त्याने थाटाने मिरवीत नेला. कँडीच्या राजाने म्हटले, खरा दात आमच्याकडेच आहे. गोव्यात जळाला तो कोणता, पेगूस गेला तो कोणता, यावर विद्वानांची पाने भरली आहेत. पण कँडीच्या दळदा मंदिरात जे लोक आज फुले वाहतात त्यांची श्रद्धा त्या पानांवर अवलंबून नाही, आणि त्यांनी कोणाकडे चाचणीचा अर्जही केलेला नाही.

पण चाचणी करून टाकली तर काय बिघडले, असे मला त्या तरुणाने विचारले. प्रश्न प्रामाणिक होता. चाचणी ही तुलना असते. श्री राहुल भिक्षू होते. त्यांची संतती नाही, त्यांची म्हणून ओळखलेली अस्थी पत्रकाने दाखविलेली नाही. मग ताडून पाहावयाचे कशाशी? फार तर तो देह युरोपीय वंशाचा की या बाजूचा एवढे सांगता येईल, आणि तो युरोपीय निघाला तर अर्जदार गप्प बसतील असे मला वाटत नाही. ते नमुना बदलला म्हणतील. न्यायालयांनीही केवळ शंकेच्या मागे धावण्यासाठी अशा चाचण्या देण्याचे नाकारले आहे. 1993 च्या गौतम कुंडू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने रक्ततपासणी मागेल त्याला देता येत नाही, भटक्या चौकशीला ते साधन नव्हे, असे ठरविले. तो खटला एका मुलाच्या पितृत्वाचा होता. तेथे निदान पक्षकार जिवंत होते.

हे झाले कायद्याचे. माझा खरा आक्षेप निराळा आहे. हे शव झेवियरचे नव्हे असे सिद्ध झाले, तर आमच्या पदरात काय पडणार?

आमची तक्रार झेवियरच्या देहाविरुद्ध कधीच नव्हती. ती त्याच्या आणि त्याच्यामागून आलेल्यांच्या कृतीविरुद्ध आहे, आणि ती कृती कागदावर आहे. 16 मे 1546 रोजी झेवियरने पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव यास पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन स्थापण्याची मागणी केली. हे पत्र त्याच्या भक्तांनीच जपले व छापले आहे. त्याचा इन्कार कोणी करीत नाही. ते न्यायासन 1560 मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर, स्थापन झाले आणि मधला थोडा खंड वगळता 1812 पर्यंत चालले. अ. का. प्रियोळकरांनी 1961 मध्ये त्याच्यावर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा कोणत्याही गुप्त सिद्धान्ताची मदत घेतली नाही. विरुद्ध पक्षाचेच कागद घेतले. वकिलाला याहून अधिक काय हवे असते? प्रतिवादीची स्वतःची कबुली हातात असताना कोणी बाजारातून भाडोत्री साक्षीदार आणतो काय?

तारखांचा हा न्याय आमच्याही विरुद्ध लागू होतो, हे विसरू नये. तिसवाडीतील देवळे 1540 मध्ये पाडली गेली. 1541 मध्ये त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न गावकऱ्यांकडून काढून घेण्यात आले. झेवियर गोव्यात उतरला 6 मे 1542 रोजी. तेव्हा ते पाप त्याच्या माथी मारता येत नाही, जरी आमच्या उत्सवांतील वक्ते ते बेधडक मारतात. सासष्टीतील विध्वंस 1567 चा. तोही त्याच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी. त्याचे कर्ते निराळे आहेत, त्यांची नावे आहेत, हुकूम आहेत. त्याच साली सासष्टीचा जो फोराल झाला त्यात कोणत्या गावी कोणत्या देवाच्या नावे कोणती शेते व कोणती भाटे होती, ते लिहिलेले आहे. ज्यांनी देव उखडले त्यांनीच, सारा बुडू नये म्हणून, देवांच्या मालमत्तेची यादी करून ठेवली! 1595 चा फ्रान्सिस्कु पाइशचा तोंबही याच जातीचा आहे. पांडुरंग पिसुर्लेकरांसारख्यांनी अशा दप्तरांत हयात घालविली, म्हणून आज आम्हांला आमच्या मूळ गावांच्या देवळांविषयी दोन शब्द खात्रीने बोलता येतात.

माझ्या व्यवसायातील एक अनुभव येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. सुमारे बारा वर्षांपूर्वी एका कुटुंबाचा एका भाटावरील हक्काचा दावा माझ्याकडे होता. दावा खरा होता. जुन्या कराच्या पावत्या होत्या, शेजाऱ्यांच्या साक्षी होत्या, वहिवाट निर्विवाद होती. परंतु अशिलाच्या थोरल्या मुलाला एवढ्याने धीर येईना. त्याने कोठून तरी 1931 सालचे एक खरेदीपत्र आणले. मी पुरेसे न तपासता ते यादीत घातले. दोष माझाही आहे. उलटतपासणीत समोरच्या वकिलाने एकच प्रश्न केला: या कागदात किंमत एस्कुदोंत कशी? पोर्तुगीज हिंदुस्थानात 1958 पर्यंत रुपया चालत होता! त्या क्षणानंतर न्यायाधीशांनी आमच्या खऱ्या पावत्यांकडेही संशयानेच पाहिले. दावा गेला. म्हातारा अशील निकालानंतर पायरीवर बसून मला म्हणाला, "पण भाट आमचेंच न्हय रे?" होते, त्याचेच होते.

श्री राहुलांचे पत्रक वाचताना मला ते एस्कुदो आठवले. उद्या कोणी परदेशी अभ्यासक गोव्याच्या देवळांच्या विध्वंसाविषयी आम्हांला विचारील, तेव्हा त्याच्यापुढे 1567 चा फोराल ठेवणारे हात आणि हे पत्रक वाटणारे हात एकच असतील, तर तो फोरालाचीही शाई तपासू लागेल. त्याला दोष कसा द्यावा?

हा रोग केवळ गोव्याचा नाही. इंदुरास जन्मलेले पुरुषोत्तम नागेश ओक आपल्यापैकी अनेकांच्या घरी वाचले गेले आहेत. त्यांच्या ताजमहालाच्या सिद्धान्तात एक खरा धागा होता: ती जागा राजा मानसिंहाच्या घराण्याची होती व राजा जयसिंहाकडून घेऊन तिच्या बदल्यात त्यास हवेल्या दिल्या, हे शाहजहानच्या दरबारी इतिहासात व फर्मानात नमूद आहे. येथवर सारे ठीक. परंतु जागेवरून त्यांनी इमारतीवर उडी घेतली, इमारतीवरून शिवालयावर, आणि पुढे ख्रिस्ती धर्म म्हणजे 'कृष्णनीती' येथपर्यंत मजल गेली. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली त्यांची याचिका फेटाळली. आज जयसिंहाच्या त्या हवेल्यांचा खरा उल्लेख जरी कोणी केला, तरी ऐकणारा हसतो. खऱ्या धाग्याचे असे मातेरे झाले.

आणि आता तो मुद्दा, जो अग्रशाळेत बोलण्याचे मला धैर्य झाले नाही. मंगेश कुशस्थळीहून नदी ओलांडून प्रियोळास आला. म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास आली, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास. आदिलशाही मुलखात, रात्रीच्या अंधारात, होडीतून, डोक्यावरून आमच्या पूर्वजांनी देव आणले. त्या रात्रींचा पंचनामा कोणी केला होता? कोणा वैद्याची जबानी आहे? ताब्याची साखळी मागितली तर आमच्याजवळ काय आहे? आजीने आईला सांगितले, आईने मला सांगितले, एवढेच. उद्या दुसऱ्या बाजूच्या एखाद्या अतिउत्साही गृहस्थाने अर्ज केला की प्रियोळचे लिंग कुशस्थळीच्याच दगडाचे आहे की नाही हे भूगर्भशास्त्रज्ञांकडून तपासून घ्यावे, तर आम्ही काय उत्तर देऊ? आम्ही संतापू, मोर्चा काढू, आणि म्हणू की ही श्रद्धेची बाब आहे. मग 3 डिसेंबरला जुन्या गोव्यात मेणबत्ती घेऊन उभ्या असलेल्या म्हातारीनेही तेच म्हटले तर? त्या रांगेत कपाळावर कुंकू लावलेल्या बायकाही असतात, हे ज्यांनी ती रांग पाहिली आहे त्यांना सांगावयास नको.

त्या आसनापुढे डोके टेकावयाचे की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी टेकीत नाही. 1546 चे पत्र वाचल्यापासून मला ते शक्य होत नाही. पण तेथे झोपलेला कोण, हे मला ठाऊक आहे.

तो तरुण महाजन अलीकडे पुन्हा भेटला. मी त्याला आमच्याच देवस्थानाच्या कचेरीतील लाकडी कपाट उघडून दाखविले. आत मोडीतील बाडे, पोर्तुगीज काळातील जमाखर्चाच्या वह्या, महाजनांच्या जुन्या याद्या. खालच्या कप्प्यातील दोन बाडे वाळवीने पार पोखरली आहेत. हात लावला तर भुगा होतो. त्यांची यादी करावी, छायाचित्रे घ्यावीत, पणजीच्या पुराभिलेखागारातील जाणकार बोलवावा, असा ठराव मी दोन वर्षांपूर्वी समितीपुढे मांडला होता. तो दोनदा तहकूब झाला. एकदा मंडपाच्या रंगकामामुळे आणि एकदा वेळेअभावी. येत्या सर्वसाधारण सभेत तो पुन्हा ठेवीत आहे. अनुमोदनास निदान दहा महाजनांच्या सह्या पाहिजेत. पहिली त्या तरुणाने केली आहे. उरलेल्या नऊ मला अग्रशाळेच्या त्या ओसरीवरील मंडळींकडून हव्या आहेत.